ठसा जुळला, म्हणजे नेमकं काय जुळलं?

कुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ काचा बसवायचं काम करतो. स्लायडिंग खिडक्या, मच्छरजाळ्या, बाथरूमच्या लूव्हर म्हणजे आडव्या काचपट्ट्यांच्या खिडक्या. गोरेगावच्या एका सोसायटीत घरफोडी झाली. चोर डक्टमधून, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतून, चढून बाथरूमच्या खिडकीतून आत शिरला. तिथल्या लूव्हरच्या एका काचेवर ठसा मिळाला आणि तो भावाच्या उजव्या अंगठ्याशी जुळल्याचा अहवाल आला. भाऊ म्हणतो, अडीच महिन्यांपूर्वी मी त्याच घरात फुटलेल्या काचा बदलून दिल्या होत्या. वकील म्हणतात, "ठसा जुळलाय, आता कोर्ट त्याच्या पुढे जाणार नाही." ताईंचा प्रश्न असा: बोटाचा ठसा चुकू शकतो का?

चुकू शकतो, आणि कसा ते पुढे सांगतो. पण ताई, तुमच्या भावाचं प्रकरण तिथे अडलेलं नाही. त्या काचा मी हाताळल्या हे तो स्वतःच सांगतोय. तेव्हा ठसा त्याचाच आहे असं आपण तूर्त धरून चालू. अडलंय ते वेगळ्या ठिकाणी: तो ठसा तिथे कधी उमटला, आणि काच बसवताना की काढताना? या प्रश्नाचं उत्तर जुळणीच्या अहवालात नसतं. असू शकत नाही. तरीही ते त्यात आहे असं समजून पोलीस, वकील आणि कधी कधी कोर्टही पुढे जातं. मीही एकदा गेलो होतो.

आधी माझ्याबद्दल. मी तीस वर्षं अंगुलिमुद्रा तज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरी केली. भिंगाखाली रेघा मोजल्या, अहवाल लिहिले, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. आता निवृत्त आहे, मुलुंडला असतो. मी वकील नाही, आणि तुमच्या भावाचे कागद पाहिलेले नाहीत. त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" याच भाषेत सांगाव्या लागतील.

ती एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या भावाच्या गोष्टीच्या जवळची आहे. उपनगरातल्या एका फ्लॅटमधून दागिने गेले. बेडरूमच्या वॉर्डरोबचा एक ड्रॉवर मुद्देमाल म्हणून आमच्याकडे आला. त्यावर सुंदर ठसा मिळाला. अगदी पुस्तकात छापावा असा, रेघ संपते किंवा तिला फाटा फुटतो अशा चौदा जागा मोजता येत होत्या. एका सुताराशी जुळला. मी अहवाल लिहिला: "वस्तू क्रमांक ३ वरील ठसा संशयिताच्या डाव्या तर्जनीशी एकरूप आहे." त्यात एक अक्षर चूक नव्हतं. सुतार आत गेला. पुढे साक्षीच्या वेळी त्याच्या वकिलाने मला एकच प्रश्न विचारला: ड्रॉवरच्या कोणत्या बाजूला? मी माझी टिपणं उघडली. ठसा तळाला होता. खालच्या बाजूला, चॅनलच्या स्क्रूपासून दोन बोटांवर. चोराला ड्रॉवर उलटा करून तळाशी तर्जनी टेकवायचं काही कारण नव्हतं. चॅनल बसवणाऱ्या सुताराला ते करावंच लागतं. वॉर्डरोब त्यानेच बनवला होता. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण मला विचारलं होतं फक्त "कोणाचा?", आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. त्यानंतर मी प्रत्येक अहवालात ठशाची जागा, दिशा आणि वस्तूची रेखाकृती घालायला लागलो. वरिष्ठांना ते फारसं आवडायचं नाही. अहवाल लांबतो म्हणायचे.

आता तुमच्या लूव्हरकडे येऊ. मुंबईत राहणाऱ्याला हे चित्र डोळ्यासमोर आणायला वेळ लागणार नाही. आडव्या काचेच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या खाचा, बाहेर डक्ट, डक्टमध्ये पाइप. चोर पाइपवर पाय रोवून उभा राहतो आणि एकेक पट्टी स्वतःकडे ओढून काढतो. अशी पट्टी ओढताना हात कसा पडतो? अंगठा वर, चार बोटं खाली, आणि बोटांची टोकं घराच्या आत रोखलेली. आतून काम करणाऱ्या कारागिराचं बरोबर उलटं: बोटांची टोकं डक्टच्या दिशेला. म्हणजे एकाच काचेवर एकाच माणसाचा अंगठा असला तरी त्याचं टोक कुठल्या कडेकडे आहे यावरून हात आतून आला की बाहेरून, याचा अंदाज बांधता येतो.

पण त्यासाठी काचेची आतली कड कोणती आणि बाहेरची कोणती, हे माहीत हवं. चोराने काढलेल्या काचा बहुधा बाजूला रचून ठेवलेल्या असतात. त्या उचलताना कोणी खडूने किंवा मार्करने खूण केली नसेल तर नंतर कठीण जातं, अशक्य मात्र नाही. डक्टकडची कड काळवंडलेली असते, आतल्या कडेला साबणाचा पांढुरका थर असतो. मूळ फोटो नीट काढलेले असतील तर हे दिसतं. नुसती टेपवर उचललेली नक्कल जपली असेल आणि काच परत घरमालकाला देऊन टाकली असेल, तर तो पुरावा गेला.

दुसरी गोष्ट. माणूस आत शिरायचा तर एक पट्टी काढून भागत नाही, चार-पाच काढाव्या लागतात. प्रत्येक पट्टीवर दोन हात. मग तुमच्या भावाचा ठसा किती पट्ट्यांवर मिळाला? एकाच पट्टीवर, आणि ती त्याने बदललेलीच निघाली, तर त्याच्या सांगण्याला बळ येतं. त्याने न बदललेल्या पट्टीवर मिळाला, तर त्याला आणखी काहीतरी सांगावं लागेल. शिवाय त्याच काचांवर दुसऱ्या कोणाचे ठसे होते का, आणि ते घरच्यांच्या ठशांशी ताडून वगळले का, हेही बघायचं. घरातली माणसं, कामवाल्या बाई, प्लंबर यांचे ठसे घेऊन ते आधी बाजूला काढायचे असतात. पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे, पण दहा ठिकाणी तपास होतो तेव्हा चार ठिकाणी ती राहून जाते. मग "अनोळखी ठसे, तुलना करता आली नाही" अशी एक ओळ अहवालाच्या शेवटी असते आणि ती कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

ताई, तुम्ही पुढे विचाराल की अडीच महिने ठसा टिकतो का. यावर ठाम बोलणाऱ्याचं ऐकू नका, मग तो आमच्यातला असला तरी. ठशाचं वय सांगणारी, सगळ्यांनी मान्य केलेली पद्धत आजही नाही. बोटाच्या घामात जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते उडून गेल्यावर थोडे क्षार, अमिनो आम्लं उरतात, आणि चेहऱ्याला, केसांना हात लागलेला असेल तर तेलकटपणा. पाण्यात विरघळणारा भाग बाथरूमच्या वाफेत लवकर जातो. तेलकट भाग काचेवर चिकटून राहू शकतो. कागदावरचे ठसे निनहायड्रिन या रसायनाने वर्षांनंतरही जांभळे होऊन उठतात, कारण अमिनो आम्लं कागदात मुरलेली असतात. काचेचं तसं नाही. त्यात पुन्हा मुंबईची हवा. जुलैत काचेवर ब्रश फिरवला की पावडरीचे गोळे होतात, आणि ओलसर काच आधी सुकू द्यावी लागते. डिसेंबरात तोच ठसा एका हाताने उठतो. काचेला काय लावलं होतं, ती पुसली किती वेळा, पावसाची झड आत येत होती का, या सगळ्यावर ते अवलंबून आहे.

इथे एक सावधगिरी. "त्या काचा मधल्या काळात पुसल्या होत्या का?" हा प्रश्न घरमालकिणीला कोर्टात विचारायचा मोह होईल. त्यांनी "हो, दर रविवारी पुसते" म्हटलं की भावाचं सांगणं तिथेच लंगडं पडतं. उत्तर माहीत नसेल तर वकिलांनी तो प्रश्न विचारू नये. डक्टकडची, हात न पोचणारी लूव्हर दर रविवारी पुसणारं घर मी तरी पाहिलेलं नाही, ते सोडा. क्वचित साबणाच्या थराचा उपयोग होतो: ठसा थरावर उमटलाय की थराखाली दबलाय हे मूळ काचेवर तिरप्या उजेडात कधी कधी कळतं. दहात एखाद्या वेळी. त्यावर आशा बांधू नका, पण काच अजून मुद्देमालात असेल तर बघायला सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न, ठसा चुकू शकतो का. ठसा चुकत नाही, तो बघणारा माणूस चुकतो. लहानपणी आजी बोटं हातात घेऊन शंख-चक्र मोजायची, तेवढ्यावर ओळख पटत नाही. चक्र असलेली बोटं घरोघरी आहेत. आम्ही बघतो ते रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे बारीकसं बेट बनतं आणि अशा दोन जागांच्या मध्ये किती रेघा येतात. या रेघा आईच्या पोटात असतानाच घडतात आणि जुळ्या भावंडांच्याही वेगळ्या असतात. त्या झिजतात जरूर. गवंडीकाम, धुणंभांडी करणाऱ्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही, तो त्यामुळेच. पण खोल जखम नसेल तर त्या पुन्हा तशाच येतात. इथवर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो काचेवरच्या अर्धवट, घसरलेल्या, डागाळलेल्या ठशावरून "हा याचाच" असं म्हणण्याबद्दल. शाई लावून घेतलेल्या पूर्ण ठशात अशा शंभराच्या आसपास जागा मिळतात, घटनास्थळी मिळालेल्यात दहा-पंधरा मिळाल्या तरी आम्ही खूश.

किती जुळल्या म्हणजे पुरे? आपल्या कायद्यात आकडा लिहिलेला नाही. मी आठाचा प्रघात शिकलो. काही जण दहा-बारा धरतात. इंग्लंडमध्ये बरीच दशकं सोळा लागत, २००१ मध्ये त्यांनी आकड्याची अटच काढून टाकली. आकड्याने निर्धास्त होऊ नये हे माझंही मत आहे. आठ स्पष्ट आणि दुर्मीळ जागा बारा अंधुक जागांपेक्षा बऱ्या. आणि एक न जुळणारी जागा, जिचं धड स्पष्टीकरण देता येत नाही, ती सगळ्या जुळणाऱ्यांवर भारी पडली पाहिजे. व्यवहारात मात्र "बोट घसरलं असेल", "दाब जास्त पडला असेल" असं म्हणून ती बाजूला सारली जाते.

माद्रिदमध्ये नेमकं तेच झालं. ११ मार्च २००४ च्या रेल्वे स्फोटांनंतर डिटोनेटर असलेल्या एका पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या संगणकाने मिळत्याजुळत्या ठशांची यादी दिली, त्यात चौथ्या क्रमांकावर ओरेगनचा एक वकील होता, ब्रँडन मेफिल्ड. एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी एकामागोमाग एक "हाच" म्हटलं. कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच म्हटलं. स्पॅनिश पोलीस पहिल्यापासून नाही म्हणत होते, आणि शेवटी त्यांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत होता. सरकारने माफी मागितली आणि पुढे वीस लाख डॉलर दिले. नंतरच्या चौकशीत जी गोष्ट पुढे आली ती प्रत्येक तज्ज्ञाने टेबलासमोर लावावी: मेफिल्डचा ठसा बघून झाल्यावर तज्ज्ञांना पिशवीवरच्या ठशात अशा बारीक खुणा "दिसू" लागल्या होत्या, ज्या त्यांनी आधी नोंदवल्याच नव्हत्या. कोट बघून अंग बेतल्यासारखं.

स्कॉटलंडमध्ये शर्ली मकी नावाच्या पोलीस अधिकारी बाईंचा ठसा खून झालेल्या घरात सापडल्याचं सांगितलं गेलं. त्या घरात मी पाऊल टाकलं नाही, असं त्या शपथेवर म्हणाल्या, म्हणून त्यांच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरला. १९९९ मध्ये त्या सुटल्या, आणि तो ठसा त्यांचा नव्हताच हे चौकशी समितीने २०११ मध्ये लिहिलं.

मग किती वेळा चुकतं? २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांची चाचणी प्रसिद्ध झाली. वेगळ्याच माणसाचा ठसा "जुळला" म्हणण्याची चूक हजारात एक. खरोखर जुळणारा ठसा "नाही" म्हणण्याची शेकडा साडेसात. म्हणजे निरपराध्याला अडकवण्यापेक्षा अपराध्याला निसटू देण्याकडे आमचा कल जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण त्या चाचणीत तज्ज्ञांना माहीत होतं की ही चाचणी आहे, आणि हा पकडलेला आरोपी, त्याने कबुली दिलीय, असं कोणी कानात सांगत नव्हतं. २००६ च्या एका छोट्या प्रयोगात पाच तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी "जुळतात" म्हटलेले ठसे पुन्हा दाखवले, फक्त हे त्या माद्रिदच्या चुकीचे ठसे आहेत असं सांगून. पाचांपैकी चौघांनी मत बदललं.

म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत मला हे जाणून घ्यायला आवडेल की त्याचं नाव कुठून आलं. संगणकातल्या शोधातून निघालं, की सोसायटीच्या वॉचमनकडून "या घरात कोण कोण कारागीर आले होते" अशी यादी घेऊन, त्याला बोलावून, मग ठसा ताडला? महाराष्ट्र पोलिसांकडे ठसे शोधणारी अंबिस ही संगणक यंत्रणा आहे, देशपातळीवर २०२२ पासून तशीच नाफिस. ही यंत्रं "हाच माणूस" म्हणत नाहीत, सर्वांत सारखे दिसणारे काही ठसे पुढे ठेवतात. निवड माणूसच करतो. संग्रह जितका मोठा, तितकी सारखी दिसणारी बोटं जास्त. आणि दुसऱ्या रीतीने नाव आलं असेल तर तज्ज्ञाला आधीच माहीत असतं की समोरचा ठसा "आरोपी"चा आहे. दुसऱ्या तज्ज्ञाने पडताळणी केली का, आणि पहिल्याचा निष्कर्ष न बघता केली का, हेही विचारायला हवं. "साहेबांनी केलंय ना, मग सही करून टाक" हे मी कार्यालयात ऐकलेलं वाक्य आहे. मी माझ्या कनिष्ठांना फाइल देताना निष्कर्षाचं पान काढून ठेवायचो.

कोर्टांचं म्हणाल तर दोन्ही सूर सापडतात. सर्वोच्च न्यायालयाने जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७९ च्या निकालात अंगठ्याच्या ठशाच्या शास्त्राला अचूक, चुकीला जागा नसलेलं म्हटलं. आम्ही ते वाक्य पिंजऱ्यात अभिमानाने सांगायचो. पण त्याच न्यायालयाने मुशीर खान प्रकरणात २०१० मध्ये सांगितलं की ठसे तज्ज्ञाचा पुरावा हा मूळ पुरावा नव्हे, दुसऱ्या पुराव्याला आधार देण्यापुरता तो वापरायचा. तुमच्या वकिलांना हा निकाल माहीत असेलच, तरी आठवण करा.

खरं तर नुसत्या जुळलेल्या ठशावर गुन्हा सिद्ध होत नाही, ही जाण फार जुनी आहे. ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. नाव बंगालचा इंग्रज पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्रीचं झालं, वर्गीकरणाचं डोकं बरंचसं त्याच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. दुसऱ्याच वर्षी जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खुनात एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा मिळाला, तो त्याच्या जुन्या नोकराशी जुळला. त्याला चोरीची शिक्षा झाली, खुनातून मात्र तो सुटला. अंगठा पंचांगापर्यंत पोचतो, सुऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही, हे त्या कोर्टाला तेव्हाही दिसलं होतं.

राहिला तो काचेपासून कोर्टापर्यंतचा प्रवास, आणि माझ्या अनुभवात केस बहुतेक वेळा इथेच ढिली पडते. पंचनाम्यात ठसा कुठल्या वस्तूवर, कुठल्या जागी मिळाला हे लिहिलंय का? पावडर मारल्यावर, टेप लावायच्या आधी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला का? टेपच्या कार्डावर तारीख, वेळ, पंचांच्या सह्या आहेत का? पाकीट सील केलं का, मुद्देमालाच्या नोंदवहीत कधी चढलं, पोलिसांच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडे कधी पोचलं, मधले दिवस कुठे होतं? आणि भावाचा नमुना ठसा कधी घेतला? काच केंद्राकडे पोचायच्या आधी की नंतर? महंमद अमान विरुद्ध राजस्थान राज्य, १९९७: पितळी भांड्यावरचा ठसा जुळलेला होता, पण भांडं केंद्रात पोचेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही हे दाखवता आलं नाही, आणि नमुना ठसे मॅजिस्ट्रेटसमोर घेतलेले नव्हते. आरोपी सुटला. पुढच्या निकालांनी मॅजिस्ट्रेटचा आदेश नसला तर सगळं रद्द असं नाही, हेही स्पष्ट केलं, तेव्हा त्या एका मुद्द्यावर सगळी मदार ठेवू नका. ठसा द्यायलाच नकार देता आला असता का, असं भावाला वाटत असेल, तर तो प्रश्न १९६१ मध्येच मिटला आहे. काठी कालू ओघड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की ठसा देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे.

अहवाल "कालिन्याहून आला" असं तुम्ही लिहिलंय, तेही एकदा तपासून बघा. लोक सगळ्या अहवालांना कालिन्याचा रिपोर्ट म्हणतात. कालिन्याची प्रयोगशाळा रक्त, डीएनए, रसायनं यांची. ठसे सहसा पोलिसांच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडे जातात. सही कोणाची आहे यावर उलटतपासणीला कोणाला बोलवायचं ते ठरतं.

आणि आता घाईची गोष्ट. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० प्रमाणे कागदपत्रं हातात आल्यावर तीस दिवसांच्या आत ती खरी मान्य आहेत की नाहीत हे आरोपीला सांगावं लागतं. अहवालावर कोणी हरकत घेतली नाही तर तज्ज्ञाला कोर्टात बोलावलंच जात नाही. म्हणजे वकिलांनी "ठसा तर त्याचाच आहे, कशाला वाद" म्हणून मान्य लिहून दिलं, की जागा, दिशा, किती पट्ट्या, बाकीचे ठसे कोणाचे, यातलं काहीही विचारायला समोर माणूसच राहणार नाही. मुदत कोर्ट वाढवू शकतं, पण कारण द्यावं लागतं. ठसा त्याचा आहे हे मान्य करूनही अहवालावर हरकत घेता येते. हे वकिलांना आजच सांगा. तज्ज्ञ आला की त्याच्याकडून त्याची मूळ टिपणं, मोठे केलेले फोटो आणि खुणा केलेला तक्ता मागून घ्यायचा, आणि शांतपणे एकच विचारायचं: हा ठसा कधीचा आहे हे तुम्ही सांगू शकता का? प्रामाणिक तज्ज्ञ "नाही" म्हणेल. मी नेहमी तेच म्हटलं.

घरी तुम्ही करायचं काम वेगळं. भावाने त्या घरात काम केल्याचा कागद शोधा. बिल नसेल, मला माहीत आहे, पण गूगल पेवर पैसे आले असतील, काच दुकानातून घेतल्याचं चलन असेल, सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीत नाव असेल. हल्ली कारागीर काम झाल्यावर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात; तो फोटो सापडला तर त्यात कुठल्या पट्ट्या नव्या आहेत हे कदाचित दिसेल. फोन बदलू नका, फोटो फॉरवर्ड करून मूळ पुसू नका. आणि चोरीच्या रात्री तो कुठे होता याचा पुरावा वेगळा. चोरीचा माल त्याच्याकडून काही मिळालाय का हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळाला असेल तर मी वर सांगितलेल्यातलं बरंच बदलतं, ते आधी वकिलांशी मोकळेपणाने बोला.

निर्दोष सुटला तर पुढे काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे ठशांसारखी ही मोजमापं पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. पण पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस सुटला, अपिलंही संपली, तर कोर्टाने वेगळा आदेश दिल्याखेरीज ती नष्ट करायची असतात. निकालाची प्रत जोडून तसा अर्ज करा. आपोआप होईल असं समजून बसू नका.

पंचनाम्याचं दुसरं-तिसरं पान उघडा. त्यात पट्टी वरून कितवी ते लिहिलं आहे का, आणि भावाला आठवतं का त्याने कितवी बदलली? त्याने उत्तर देण्याआधी त्याला पंचनामा वाचून दाखवू नका. आधी त्याच्याकडून कागदावर खिडकी काढून घ्या, मग ताडून बघा. एवढं झालं की मला कळवा.